आसेगावच्या वाचनालयातलं बिनमोटरचं यंत्र

देवमन खिल्लारे यांना या सगळ्या उद्योगातून काय काय मिळणार होतं, ते आधी एका बाजूला मांडून ठेवू. आसेगावचं वाचनालय 'ड' वर्गातून 'क' वर्गात जाणार होतं, हे तर आलंच. तपासणीला अकोल्याहून येणाऱ्या साहेबांच्या शेजारची खुर्ची वीस वर्षं अध्यक्ष बबनरावांच्या वजनाखाली झिजत होती. ती एक दिवस तरी देवमनला मिळणार होती. आणि बबनरावांचं तोंड बंद होणार होतं, ही कमाई तर वर्गापेक्षाही मोठी! दुसऱ्या बाजूला, म्हणजे जाणाऱ्या बाजूला, देवमनने काहीच लिहिलं नव्हतं. तिथेच घोळ झाला.

देवमन मंगरूळपीरला पंचायत समितीत कारकून आणि आसेगावात मानद ग्रंथपाल. मानद म्हणजे पगार नाही, शिव्या मात्र पूर्ण वेळ. पण त्याला वाचनालयाचा अभिमान असा, की एखाद्याला थोरल्या लेकाचाही नसेल. विहाराच्या बाजूची ती खोली त्याच्या बापाच्या पिढीने धम्मदीक्षेच्या दुसऱ्याच वर्षी बांधली. दोन पेट्या पुस्तकं नागपूरहून डोक्यावर आणली होती. आता अठ्ठ्याहत्तर सालात पुस्तकं सहाशे चाळीस आणि सभासद शहाऐंशी. अख्ख्या गावातले! विहारापलीकडच्या भाजीवाल्या मळ्यांतून बायका वांगी तोडून झाली की पदराला हात पुसत पुस्तक न्यायला येत. हे दुसऱ्या कुठल्या गावात दाखवा, असं देवमन बसमध्ये अनोळखी माणसालाही ऐकवत असे.

दुखणं एकच. नेलेली पुस्तकं परत येत नसत. आणि मागच्या बैठकीत बबनरावांनी भर सभेत पिंक टाकावी तसं टाकलं :

"देवमन, तू नोटीस तोंड पाहून काढतं! तुह्या सोयऱ्यायले एक तरी नोटीस गेली काय?"

आता खुद्द बबनरावांकडे सात पुस्तकं चार वर्षं पडून होती. त्यांना नोटीस गेली नव्हती, कारण नोटिशीवर अध्यक्षाची सही लागत असे आणि अध्यक्ष स्वतःच्या नोटिशीवर सही करायला कधी मोकळे सापडत नसत. पण हे बोलायचं कोणी? देवमन उठला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "आजपासून मी कोनाचं तोंड पाहनार नाई. नावं बी पाहनार नाई. आता यंत्र बोलेल!"

हे यंत्र त्याला नागपूरच्या एका कचेरीत सापडलं होतं. तिथे कॉम्प्युटर येणार म्हणून जुनं सामान काढून टाकत होते. देवमन कामाला गेला, आणि येताना दोनशे कार्डं आणि एक इंग्रजी पुस्तिका मांडीवर घेऊन आला. कार्डांच्या कडेने रांगेत भोकं. युक्ती साधी. प्रत्येक सभासदाला एक कार्ड, वर फक्त त्याचा नंबर. प्रत्येक भोकाला एक अर्थ ठरवायचा. तो अर्थ ज्याला लागू असेल, त्याच्या कार्डाचं ते भोक कडेपर्यंत कापून उघडं करायचं. मग सगळी गड्डी जुळवून त्या भोकातून लांब सुई घालायची आणि उचलायची. कापलेली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. शहाऐंशी माणसांचा निवाडा एका झटक्यात!

बायको रुख्मिणीने गड्डी पाहिली आणि कमरेवर हात ठेवले. "एवढे पत्ते? आता वाचनालयात जुगार भरवता काय?"

"यंत्र हाये ते!"

"मंग मोटर कुठी हाये याची?"

"याले मोटर लागत नाई."

"मंग तुमीच लावली असन डोकश्याले," असं म्हणून ती भाकरीकडे वळली.

मोटर लागत नव्हती, पण बाकी पुष्कळ लागत होतं. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर यंत्राच्या गरजा दिल्या होत्या, आणि एखाद्या शहरी जावयासारखा त्यांचा थाट! टेबल सपाट हवं. हवा कोरडी हवी. सुई अमुक जाडीची, सरळ आणि गुळगुळीत हवी. भोकं कापायचा चिमटा हवा. आणि शेवटी, प्रशिक्षित माणूस हवा.

विहारातलं टेबल दारुड्यासारखं एका पायावर झुकत होतं. देवमनने त्यावर पाण्याने भरलेलं ताट ठेवून, पायाखाली खापरांचे तुकडे सरकवत पाणी सारखं केलं. सुईसाठी स्वतःच्या सायकलच्या चाकाची तार उपसली. तेव्हापासून सायकल शेलूबाजारच्या रस्त्याने अशी लचकत जाई, की समोरून येणारी जीप आपण होऊन रस्ता सोडत असे. हवा कोरडी करणं मात्र अवघड होतं. भादवा चालू होता. कार्डं ओल धरून पापडासारखी फुगली. शेवटी रुख्मिणीलाच दया आली. तिने ती उचलली आणि चुलीजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डबा वाळलेल्या मिरच्यांचा होता. चार दिवसांत कार्डं कडक झाली. मिरच्यांनीही आपलं काम केलं, पण ते पुढे कळेल.

राहिला चिमटा आणि प्रशिक्षित माणूस. ही दोन्ही चंपतकडे एकदमच मिळाली. चंपत म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्याला एक जुना तिकिटाचा पंच भेट दिला होता. तो पंच त्याच्या खिशातच असे आणि बोलता बोलता टिकटिक वाजे. पंच कार्डाच्या कडेवर धरला, की भोक कसं कडेपर्यंत मोकळं होई! जणू त्याच्यासाठीच बनवला होता.

"चंपतभाऊ," देवमन सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला, "सात नंबरचं भोक पुस्तक-परतीचं. रजिस्टर घ्या, एकेक नंबर पाहा, अन् टिक करत जा. रजिस्टर परवा अकोल्याले पाठवाचं हाये, साहेबाईनं तपासाले मागवलं. समजलं नं?"

"बावीस वर्सं टिक केली मी," चंपत दुखावल्या आवाजात म्हणाला. "मले कायले समजावता?"

देवमनलाही ते पटलं. त्याच्या मनात ठरलेलं होतं : ज्याच्याकडे पुस्तक बाकी, त्याचं भोक कापायचं, म्हणजे बाकीवाले पडतील. इतकी उघड गोष्ट काय सांगायची! शिवाय सगळं सांगून टाकलं, तर यंत्र कळणारा गावात आपण एकटे राहू कसे? तो लचकत निघून गेला.

चंपतने दोन दिवसांत शहाऐंशी कार्डं उरकली. रजिस्टर अकोल्याला रवाना झालं.

रविवारी विहाराच्या अंगणात गाव जमलं. तपासणी गुरुवारी होती, आणि देवमनची योजना पक्की होती. यंत्र सगळ्यांसमोर चालवायचं. ज्यांच्याकडे पुस्तक बाकी नाही, त्यांना नारळ देऊन सत्कार. ज्यांच्याकडे बाकी, त्यांना तिथेच नोटीस, चार दिवसांत पुस्तक आणा! पन्नास नारळ त्याने शेलूबाजारहून आणून ठेवले होते, आणि बिननावाच्या छापील नोटिशींच्या गठ्ठ्यावर बबनरावांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या. बबनराव टोपी सारखी करून खुर्चीत बसले.

देवमनने गड्डी जुळवली, दोन थापा मारल्या, कपाळाचा घाम पुसला. आणि मिरचीचे हात डोळ्यांना लागले! डोळे असे पेटले की बास. पण माघार कशी घेणार? वाहत्या डोळ्यांनी त्याने सातव्या भोकातून तार घातली आणि गड्डी उचलली.

फडफड फडफड! टेबलावर कार्डांचा ढीग. तारेवर मूठभर उरली.

"मोजा, चंपतभाऊ."

"खाली एकाहत्तर. तारेवर पंधरा."

देवमनने खालचा ढीग पुन्हा चाचपला. एकाहत्तर बाकीवाले! आपलं गाव इतकं बेइमान? डोळ्यांतून धारा लागलेल्याच होत्या. अंगणातल्या बायका हळहळल्या. "लई मनाले लावून घेतलं बाप्पा देवमनभाऊनं!" पण खरं सांगायचं तर त्या दुःखातही त्याला जरा बरं वाटत होतं. वीस वर्षं जे कुणाला कळलं नाही, ते यंत्राने एका झटक्यात उघडं पाडलं होतं!

"आधी सत्कार," तो नाक पुसत म्हणाला. "जे प्रामाणिक पंधरा वाचक हायेत, त्याईचे नंबर मी वाचतो. चंपतभाऊ यादीतून नावं घेतीन." त्याने पहिलं कार्ड पार नाकाशी नेलं. "नंबर दोन!"

"बबनराव," चंपत ओरडला. यंत्रातलं त्याला काही सांगितलेलंच नव्हतं; नंबर ऐकायचा आणि नाव ओरडायचं, एवढंच त्याचं काम.

अंगणात माना वळल्या. बबनराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. देवमनला ती सात पुस्तकं आठवली, पण यंत्र म्हणतं म्हणजे गुपचूप परत आली असतील! त्याला पाण्याआडून नुसता एक पांढरा डाग दिसत होता. त्या डागाच्या हातात त्याने नारळ ठेवला आणि म्हणाला, "असा वाचक गावोगावी पायजे!"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. बबनरावांनी नारळ असा धरला, जणू आतून तो पेटलेला आहे. पुढचे चौदा जणही एकापेक्षा एक होते. एकाने कोंबडीपालनाचं पुस्तक नेलं, त्याला तीन वर्षं झाली होती आणि कोंबड्याही खाऊन झाल्या होत्या. एकाने डाकूंची कादंबरी लेकीबरोबर सासरी पाठवली होती. सगळे माना खाली घालून आले, नारळ घेतला, पायाकडे पाहत गेले. देवमनला वाटलं, काय ही नम्रता!

मग नोटिशी. पहिलीच गेली भागिरथाबाईला. भागिरथाबाई मळ्यातली, वांगी-भेंडी पिकवणारी, अकरा वर्षांत पुस्तक एक दिवसही उशिरा न आणलेली. तिने कागद वाचला आणि सरळ टेबलाशी आली.

"देवमनभाऊ, शेवटचं नेलेलं ते पिकावरच्या किडीचं पुस्तक मी जेठातच परत देल्लं. तुमच्याच हातात देल्लं."

"भागिरथाबाई, यंत्र खोटं बोलत नाई."

"मंग मी बोलून राह्यली काय?"

"यंत्राले कोनाशी वैर नाई, माय. रजिस्टर अकोल्याले हाये. तुमी घरी पाहा. सापडते कधी कधी."

भागिरथाबाईने कागदाची घडी कमरेला खोचली. ती अशी गेली, की चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि यंत्राची निःपक्षता केवढी! एकाहत्तरांत नंबर एकही होता. नंबर एक म्हणजे स्वतः देवमन खिल्लारे! त्याने डोळे पुसत स्वतःच्या हाताने स्वतःला नोटीस दिली, आणि टाळ्या पडल्या. घरी जाऊन त्याने पेटी उपसली, कोठी उपसली, रुख्मिणीवर संशय घेतला.

"कोनतं पुस्तक हाये पन?" तिने विचारलं.

"तेच तं आठवत नाई!"

"नेलंच नसन."

"यंत्र म्हनते नेलं!"

शेवटी त्याने मंगरूळपीरहून एक नवं पुस्तक विकत आणून वाचनालयात भरलं आणि शांत झोपला.

पुढच्या चार दिवसांत मात्र आसेगावात जे घडलं, ते वीस वर्षांत घडलं नव्हतं. नारळवाले पंधरा जण घरात बसू शकेनात. नोटीस आली असती तर फाडून टाकली असती. नारळाला काय करायचं? तो कोनाड्यातून बघत राही. सोमवारी बबनरावांचा गडी कडब्याच्या पेंढ्या घेऊन आला, आणि पेंढीतून सात पुस्तकं निघाली. मंगळवारी कोंबडीपालन आलं. डाकूही लेकीच्या सासरहून एसटीने परत आले. बुधवारपर्यंत त्रेचाळीस पुस्तकं!

नोटीसवाले एकाहत्तर वेगळ्याच तऱ्हेने पोळले. बेचाळीस जण भांडायची तयारी करत होते. उरलेले एकोणतीस जण गरीब स्वभावाचे. छापील कागदापुढे त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. दिलंच नसेल कदाचित आपण! कोणी वाशिमहून, कोणी अकोल्याहून पुस्तक आणून गुपचूप फळीवर ठेवलं. भागिरथाबाईने वाशिमच्या बाजारात भाजी विकली आणि तेच किडीचं पुस्तक विकत घेऊन आली.

फळ्या वाकल्या. देवमनने गुरुवारी सकाळी त्या पाहिल्या आणि त्याचं ऊर भरून आलं.

साहेब आले. बारीक माणूस, जाड चष्मा. अंगणात नोटीसवाले बेचाळीस जण हातात कागद घेऊन भांडायला उभे होते. साहेब थबकले. "एवढी गर्दी?"

"वाचक आहेत, साहेब," देवमन घाईने म्हणाला. "गोडी फार."

साहेबांनी पुस्तकं मोजली. मग परत मोजली. मग चष्मा काढून पुसला.

"खिल्लारे, रजिस्टरला सहाशे चाळीस. फळीवर सहाशे एकोणसत्तर."

"म्हणजे सगळी आहेत!"

"एकोणतीस जास्त आहेत. कुठून आली?"

"परत आली, साहेब."

"गेलीच नव्हती ती परत कशी येतील? कमी भरली असती तर माझ्याकडे रकाना आहे. दर गावात कमीच भरतात. जास्तीला रकानाच नाही! मी काय लिहू? 'क' वर्ग राहू द्या, आधी चौकशी लागेल."

साहेबांनी अकोल्याहून सोबत आणलेलं रजिस्टर उघडलं. नंबर दोन, बबनराव : सात बाकी. नंबर एकतीस, भागिरथाबाई : निरंक. नंबर एक, देवमन खिल्लारे : निरंक. देवमनचे डोळे आता कोरडे होते, आणि सगळं स्वच्छ दिसत होतं. नको तितकं.

"चंपतभाऊ," तो हळूच म्हणाला, "तुमी टिक कोनाच्या कार्डावर केली?"

"ज्यानं पुस्तक परत केलं, त्याच्या!"

"अन् ज्यानं नाई केलं?"

चंपतने त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "काय बोलून राह्यले, देवमनभाऊ? ज्याचा मामला चुकता, त्याच्याच तिकिटाले पंच पडते. बिनतिकीटवाल्याले कोनी पंच मारते काय? बावीस वर्सांत एक बी टिक चुकली नाई माही!"

टिकटिक, टिकटिक, असं म्हणून त्याने पंच खिशात घातला. आणि त्याचं म्हणणं चुकीचं होतं, असं कोण म्हणेल?

साहेबांना हकीकत कळली तेव्हा ते हसले नाहीत. पण त्यांची मिशी हलली, आणि त्यांनी आवाज उतरवला. "एक वाट आहे. ही एकोणतीस पुस्तकं भेट म्हणून दाखवा. देणाऱ्यांच्या सह्या तासाभरात आणा. बाहेर जाऊन काहीही सांगा त्यांना."

काहीही सांगायला देवमनकडे तास पुरला असता. कारकून माणूस तो. हजेरीच्या सह्या आहेत म्हणाला असता, तर निम्म्यांनी न वाचता केल्या असत्या. तो ओट्यावर आला. समोर गाव. बापाच्या पिढीने डोक्यावर आणलेल्या त्या दोन पेट्या खोलीच्या कोपऱ्यात अजून होत्या.

"ऐका," तो म्हणाला. "ज्याईले नोटीस गेली, त्याईच्यापैकी एकाचंही पुस्तक बाकी नव्हतं. नारळ भलत्याले गेले, नोटिशी भलत्याले. चंपतभाऊचा दोष नाई. मी त्याले नीट सांगतलंच नाई. म्या म्हटलं, यंत्र मले एकट्यालेच समजलं पायजे. ज्याईनं पुस्तक विकत आनलं, त्याईनं आपलं पुस्तक घरी न्या. साहेब म्हनते, ते भेट म्हून दाखवाले कागदावर सह्या घ्या, पन म्या कोन्या तोंडानं मांगू? वर्ग गेला त जाऊ द्या."

भागिरथाबाई पुढे आली, आणि देवमनने मनात शिव्यांची तयारी केली.

"त म्या परत देल्लं होतं."

"देल्लं होतं, माय."

"हे सगळ्याईसमोर एकदा अजून म्हना."

"देल्लं होतं! जेठातच! माह्या हातात!"

"मंग आना तो सहीचा कागद," भागिरथाबाई म्हणाली. "पुस्तक राहू द्या तिथंच. अकरा वर्सं फुकट वाचलं म्या. एक देल्लं त काय झालं! अन् पुस्तकात माहं नाव लिहा, भागिरथाबाई, आसेगाव. 'आसेगाव' मोठ्या अक्षरात."

तिच्यामागून अठ्ठावीस जण आले. कुणी सही, कुणी अंगठा. भांडायला आलेल्या बेचाळीसांना भांडायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकोणतीसांत स्वतः देवमनची सही होती, हे साहेबांनी दोनदा वाचलं, आणि मिशी पुन्हा हलली. त्यांनी शेऱ्यात लिहिलं : एकही पुस्तक येणे बाकी नाही. जिल्ह्यात असं गाव पाहिलं नाही.

चहा आला, तेव्हा बबनरावांनी ती झिजलेली खुर्ची देवमनकडे सरकवली. "बस. पन एक सांगतो. चारचौघात नारळ देन्यापेक्षा जोडा मारला असता, त परवडलं असतं."

महिन्याने 'क' वर्गाचा कागद आला. देवमनने तो काचेत मढवला. नवीन शहाऐंशी कार्डं यावेळी स्वतः तयार केली, एकेक नंबर दोनदा तपासून भोक कापलं (किती कापली ते मात्र मोजलं नाही, मोजणं यंत्राचं काम!), आणि पुन्हा गाव अंगणात बोलावलं. या खेपेला यंत्र योग्य तऱ्हेने चालणार होतं : बाकीवाले पडतील, प्रामाणिक लटकतील. त्याने हात साबणाने धुतले, तार घातली, गड्डी उचलली.

फडफड करत सगळी पडली. तारेवर एक नाही! शहाऐंशीच्या शहाऐंशी!

देवमनने मान वर केली. समोर अख्खं गाव रांगेत बसलं होतं. प्रत्येकाच्या हातात रिकामी पिशवी. सगळ्यांत पुढे भागिरथाबाई.

"हे काय, भागिरथाबाई? तुमी बी पुस्तक ठेवून घेतलं?"

"हो."

"अन् मी ओट्यावरून सांगतलं ते?"

"ते समजलं नं, भाऊ. लई मस्त सांगतलं," ती म्हणाली. "पन नारळ आमी डोळ्यानं पाह्यला."

देवमन पडलेली कार्डं गोळा करायला लागला. मग त्याच्या ध्यानात आलं, की आज आसेगावात प्रत्येक सभासदाच्या घरी एक पुस्तक आहे. जिल्ह्यात असं दुसरं गाव नाही! त्या तिमाहीच्या अहवालात त्याने 'वाचकांकडे असलेली पुस्तके' या रकान्यात शहाऐंशी हा आकडा जाड निबाने लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. शेलूबाजारहून जीपमधून नारळांची पोती आली, आणि सगळ्यांचे सत्कार झाले.

तर एकूण हिशेब असा : नारळ शहाऐंशी, घेणारे शहाऐंशी, पैसे भरणारा एक. आणि शेवटचा नारळ त्या एकाने स्वतःच्याच हाताने स्वतःला दिला, कारण पुस्तक त्यानेही ठेवलं होतं.